सावडीची घरं

महिन्यातून एकदा आमच्या नेरूळच्या घरातली पुढची खोली रिकामी करावी लागते. दिवाण भिंतीला सरकवायचा, सतरंजी अंथरायची, दाराबाहेर चपलांना जागा करायची. ग्राहक पंचायतीची गाडी येऊन गेली की उतरवलेले जिन्नस वर आणायचे, यादीशी ताडून बघायचे आणि घरागणिक ढीग लावायचे. तूरडाळ, गहू, पोहे, गूळ, तेल, साबण. ढिगांवरून घरं ओळखता येतात. कुणाला मधुमेह निघाला की त्या घरचा गूळ कमी होतो. मुलगी शिकायला परगावी गेली की पोहे निम्म्यावर येतात. तीसेक वर्षं हे ढीग लावताना शेजाऱ्यांची जेवढी ओळख झाली, तेवढी लिफ्टमधल्या नमस्कारांतून कधीच झाली नसती.

या सतरंजीची गोष्ट १९७५ च्या गुढीपाडव्यापासून सुरू होते. त्याआधीची दोन-तीन वर्षं महाराष्ट्राने दुष्काळ, रॉकेलच्या रांगा आणि रेशनवरचा लाल मिलो यांत काढली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहकांची चळवळ उभी केली, सुधीर फडके तीत हिरिरीने उतरले आणि पाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. सहकारी भांडारं मुंबईला नवी नव्हती. अपना बाजार १९४८ पासून गिरणगावात होताच. पंचायतीने मात्र दुकानच काढायचं नाही असं ठरवलं. निदान अकरा कुटुंबांनी संघ करायचा, मागणी आधी नोंदवायची, पैसे आधी भरायचे, माल कुणाच्या तरी घरी उतरवायचा आणि वाटप आपल्या हातांनी करायचं. गाळ्याचं भाडं नाही, पगारी विक्रेता नाही, पडून राहिलेला माल नाही. आज मुंबई, ठाणे, रायगड, पुण्यापर्यंत तीस हजारांहून जास्त कुटुंबं या पद्धतीने वाणसामान भरतात. माझ्या मते ही मराठी मध्यमवर्गाने उभी केलेली फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

नवी मुंबईत तिचा अर्थ आणखी खोल आहे. हे शहर ज्या जमिनीवर उभं आहे ती भाताची. सिडको १९७० साली आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या आणि आगरी-कोळी माणसांची खाचरं, मिठागरं, खाडीकाठ नकाशातले सेक्टर झाले. मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. जमिनीचा हिशोब असा मागता तरी आला. सावड गेली, तिचा हिशोब कुणी मागितला नाही. लावणीच्या दिवसांत आज तुमच्या शेतात माझं घर राबेल, उद्या माझ्या शेतात तुमचं, ही ती सावड. पैशाची देवघेव नसे, दिवसांची असे. आमच्या इमारतीमागच्या गावठाणातल्या एक आजी मला सांगायच्या, की एकटीने लावणी केली तर ती संपेपर्यंत रोपं पिवळी पडतात. संघाच्या वाटपात मला त्यांची सावडच दिसते.

दरम्यान शहराच्या उशाशी राज्याची बाजारपेठ येऊन बसली. कांदा-बटाटा मुंबईतून १९८१ साली तुर्भ्याला आला, नव्वदच्या सुमारास मसाला आणि धान्य, १९९६ साली फळं आणि भाजीपाला. पहाटे तीनला भाजीच्या आवारात शिरलात तर पाचशे-सहाशे गाड्यांची आवक, पालापाचोळ्याचा चिखल आणि डोक्यावर पाट्या घेतलेले माथाडी कामगार दिसतात. या बाजाराला लागून राहणारे आम्ही कोथिंबिरीची जुडी मात्र चार हात फिरून आल्यावरच घेतो. फळं-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरू लागले, तेव्हा वाटलं होतं की हे अंतर आता मिटेल. थोडंफार मिटलं. पण सोय लागली आहे असं वाटेपर्यंत कितीतरी ठिकाणचे मंडप उठले.

खरं जुळलं ते मे २०२० मध्ये. करोनामुळे वाशीची बाजार समिती आठवडाभर बंद राहिली आणि नाशिक, जुन्नरकडचे शेतकरी थेट सोसायट्यांच्या फाटकाशी टेम्पो लावू लागले. आमच्याकडे पंचायतीचा संघ होता म्हणून यादी करणं, पैसे गोळा करणं, जिने चढून म्हाताऱ्यांच्या दाराशी पिशवी ठेवणं, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. शेजारच्या इमारतीत पहिले दोन आठवडे नुसता गोंधळ होता.

बागेचं आम्हाला इतकं जमलं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाज्या-फळझाडं वाढवली होती, ते बघून आम्हीही गच्चीवर वाफे केले. मूळ धडा कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचा. दहा लिटर पाणी, किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि दहापट पाण्यात मिसळून पाल्यावर शिंपडायचं. हे अमृतजळ. कोरडा कचकचणारा पाला महिन्या-दोन महिन्यांत काळा, भुसभुशीत होतो आणि मूठभर उचलला तर पहिल्या पावसासारखा वास येतो. चवळी, माठ, तोंडली सगळं आलं. दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छताला ओल धरली. ती वाफ्यांमुळे की जुन्या भेगांमुळे, हे न तपासताच सभेत बाग काढायचा ठराव झाला. मला त्याचं अजूनही वाईट वाटतं. पण खरं सांगायचं तर ठरावाच्या आधीच मे महिन्यात पाणी घालायला तीनच घरं उरली होती. वाफ्याला रोज कुणीतरी लागतं. संघाला महिन्यातून एक संध्याकाळ पुरते.

ती संध्याकाळही आता मिळेनाशी झाली आहे. फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत पिशवी दारात येते, आणि दोघंही नोकरीला जाणाऱ्या घराला मी दोष देऊ शकत नाही. तरी पावसाळ्यात स्टेशनबाहेर शेवळं, टाकळा, करटोली घेऊन बसलेल्या कातकरी बायकांकडे मी थांबते तेव्हा आठवतं, की शेवळं काकडाच्या फळांबरोबर शिजवली नाहीत तर घशाला खाजतात, हे मला त्यांनीच पाटीशी बसून समजावलं होतं.

आमच्या संघात एके काळी सतरा घरं होती. आज बारा आहेत, आणि दिवाळीनंतर एक घर पुण्याला जातंय. म्हणजे बरोबर अकरा. म्हणून सध्या संध्याकाळी संघप्रमुख वहिनी आणि मी समोरच्या इमारतीतल्या बेल वाजवत फिरतो आहोत. परवा चौथ्या मजल्यावरच्या मुलीने दार उघडलं, यादी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, वाटपाला साधारण किती वाजता यायचं?