सीसी वाढवायची की इंजिन वाचवायचं?

जुन्या बुलेटचं इंजिन खोलायची वेळ आली की, पुण्याची नाना पेठ असो नाहीतर जयपूरचं राजा पार्क, मालकाच्या मनात हमखास एक विचार डोकावतो: एवढा खर्च होतोच आहे, तर आणखी थोडे घालून ३५० ची ५०० का करू नये? वरवर पाहता हिशेब चोख वाटतो. गॅस्केट, रिंग-पिस्टन, मजुरी हे सगळं द्यायचंच आहे. मग जास्त ताकद जवळजवळ फुकटात पदरात पडते. माझ्या मते हा हिशेब चुकीचा आहे आणि तो कुठे चुकतो ते कागद-पेन्सिल घेऊन बसलं तरी कळतं.

इंजिनाची सीसी म्हणजे पिस्टन खालपासून वरपर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो ती. युनिट कन्स्ट्रक्शन बुलेट ३५० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, ९०. बोअरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून त्याला स्ट्रोकने गुणलं की ३४६ सीसी येतात. सिलिंडर घासून लंबगोल झाला की मशीनवर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवतात. बोअर पुरता एक मिलिमीटर वाढवला तरी सीसी ३५६ होते, म्हणजे जेमतेम तीन टक्के वाढ. दुरुस्तीच्या ओघात मिळणारी वाढ एवढीच, आणि ती चालवताना जाणवणारही नाही. ४९९ सीसी गाठायला बोअर ८४ मिलिमीटर लागतो. हे काम दुरुस्तीत बसत नाही, ते वेगळंच इंजिन होतं. मोठ्या सिलिंडरसाठी क्रँककेसचं तोंड मोठं करावं लागतं. पिस्टन जड झाला की क्रँकचं बॅलन्सिंग नव्याने करावं लागतं, नाहीतर हँडल आणि पायदान झिणझिणत राहतात. हेड तेच ठेवलं तर मूळचा ८.५ कॉम्प्रेशन रेशो पावणेबाराच्या आसपास जातो. जयपूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हात, हवेने थंड होणाऱ्या इंजिनात आणि साध्या पेट्रोलवर एवढं कॉम्प्रेशन घातलं की ठोके ऐकू येणारच. म्हणून हेड बदला, मग वाल्व्ह, मग कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शनचं ट्यूनिंग, मग क्लच. ‘थोडे पैसे’ कुठे संपतात ते एव्हाना ध्यानात आलं असेल.

एवढं करून मिळतं काय? कारखान्याने स्वतः बांधलेल्या जोडीकडे पाहा. त्या पिढीच्या क्लासिक ३५० ला १९.८ बीएचपी होते, क्लासिक ५०० ला २७.२. सीसी ४४ टक्क्यांनी वाढली, ताकद ३७ टक्क्यांनी, तीही ५०० ला फ्युएल इंजेक्शन असताना. गल्लीतल्या गॅरेजला हा आकडा ओलांडता येईल अशी आशा धरणं धाडसाचं आहे. चांगले कारागीर आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांच्या हाती कारखान्याची चाचणीयंत्रणा नसते.

‘मग पैसे घालायचे कुठे?’ असा रास्त प्रश्न येईल. माझं उत्तर रुक्ष आहे: एअर फिल्टरपासून सुरुवात करा. राजस्थानच्या हवेतली बारीक वाळू सिलिंडरची भिंत सॅंडपेपरसारखी घासते. जुना, फाटका फिल्टर तसाच ठेवून नवा पिस्टन टाकणं म्हणजे पुढच्या खर्चाची पायाभरणी. त्यानंतर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, ऑइल पंप आणि वाल्व्हच्या सीट. चालकाला ‘गाडीचा दम गेला’ असं वाटतं तेव्हा पुष्कळदा दम गळक्या वाल्व्हमधून गेलेला असतो. सीट घासून नीट बसवली की हरवलेली ताकद परत येते आणि ती स्वस्तात पडते.

हौसेला मोल नसतं, असं कुणी म्हणेल. मान्य, पण कायद्याला हौस कळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, आणि सीसी हा त्यातलाच एक तपशील. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या बंदीवर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘कोण तपासतंय?’ हा युक्तिवाद अपघात होईपर्यंतच टिकतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की टिकत नाही.

पाचशेचीच ओढ असेल, तर २०२० मध्ये बंद झालेली क्लासिक ५०० कागदपत्रांसह वापरलेली शोधा. हातातली ३५० च दुरुस्त करायची असेल, तर सिलिंडर आधी मोजून घ्या, जेवढा झिजला असेल त्याला पुरेल असा सर्वांत लहान ओव्हरसाइझ पिस्टन आणा आणि त्या पिस्टनच्या मापानेच बोअर करायला सांगा. पुढच्या वेळी बोअर करायला भिंत शिल्लक राहील.