सरळ चालणारी ‘सुहेली’

चाकणच्या कारखान्यातून निघालेली मोटार स्टिअरिंगवरचा हात सैल होताच एका बाजूला ओढू लागली, तर तिचं अलाइनमेंट पुन्हा पाहतात. शिडाच्या नावेतही हा दोष असतो, फक्त तिथे शिडं, डोलकाठी आणि दोर जुळवावे लागतात. ही जुळणी कुठवर साधते, याचा एक मोठा दाखला मुंबईत बांधलेल्या एका नावेचा आहे.

‘सुहेली’ सागवानी, सुमारे ३२ फुटांची, दोन डोलकाठ्यांची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश खलाशाने ती १९६०च्या दशकात मुंबईच्या सुतारांकडून बांधून घेतली. १४ जून १९६८ला तो एकटाच, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला. नाव वाऱ्याच्या अंदाजाने आपोआप वळवणारं यंत्र ऑस्ट्रेलियापाशी कायमचं निकामी झालं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न अजून पुढेच होतं आणि माणसाला झोप तर हवीच!

इथे जुळणी कामी आली. शिडांवरचा वाऱ्याचा दाब एका बिंदूपाशी एकवटतो, बुडाला होणारा पाण्याचा आडवा विरोध दुसऱ्या. पहिला बिंदू मागे सरकला की नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळते, पुढे गेला की वाऱ्यापासून दूर जाते. सुकाणूने हे रोखता येतं, पण सतत वळवून धरलेलं सुकाणू पाणी अडवतं आणि वेग खातं. म्हणून मोठं शीड ढिलं सोडायचं, वारा वाढला तर ते आखडायचं, डोलकाठी फार मागे झुकली असेल तर तारांचा ताण बदलून ती पुढे घ्यायची. नाळेचा वाऱ्याकडे किंचित ओढा मात्र ठेवावा. हात सुटला तरी नाव वाऱ्यासमोर येऊन मंदावते, हा मोठा आधार.

‘सुहेली’चं एक शीड अगदी मागे, तर जिब हे पुढचं शीड नाळेपुढे काढलेल्या दांड्यावर. मध्यापासून इतक्या दूर असल्यामुळे त्यांतला थोडासा फरकही नाव वळवायला पुरतो. शिडं जुळवून ती आपली दिशा धरू शके, आणि नॉक्स-जॉन्स्टन झोपू शके. अर्थात लांब, खोल बूड मुळातच समतोल नसतं, तर शिडांची कितीही खटपट करून हे जमलं नसतं. श्रेयाचा मोठा वाटा आराखड्याला आणि त्या सुतारांना द्यायलाच हवा.

१७ जानेवारी १९६९ला तिने केप हॉर्न ओलांडलं आणि २२ एप्रिलला, ३१२ दिवसांनी, ती फाल्मथला परतली. शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी ती पूर्ण करणारा नॉक्स-जॉन्स्टन एकटाच.