सगळे मिळून एकच गुप्तहेर

टेबलभर उलगडलेला ११० बाय ७५ सेंटिमीटरचा कागद, आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या रेषांत काढलेलं अख्खं शहर. घरांच्या भिंती कापून आतल्या खोल्याही दाखवलेल्या. एखादा माणूस रस्त्यात मरून पडलेला दिसतो. पण शोधत गेलं, की तोच दोन गल्ल्या मागे चालताना सापडतो, त्याआधी कुणाशी तरी भांडताना. एकाच चित्रात आधीचं आणि नंतरचं दोन्ही आहे. भिंग घेऊन काळ उलटा चालत जायचा आणि खुनी पकडायचा.

योहानेस झिश यांनी रचलेला आणि बर्लिनच्या ‘एडिशन श्पीलवीझं’ने २०२० मध्ये काढलेला हा खेळ म्हणजे ‘मायक्रोमॅक्रो: क्राइम सिटी’. डब्यात १६ प्रकरणं आहेत आणि खेळाडू एक ते चार. फासे नाहीत, सोंगट्या नाहीत, आणि कुणी कुणाला हरवतही नाही. जर्मनीत १९७९ पासून दरवर्षी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, निवडला जातो. २०२१ चा तो मान याला मिळाला.

ही वाट जुनी आहे. १९८५ मध्ये हाच पुरस्कार मूळच्या अमेरिकी शेरलॉक होम्सच्या खेळाला मिळाला होता. लंडनचा नकाशा, पत्त्यांची यादी आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र समोर ठेवून कुणाकडे चौकशीला जायचं, हे ठरवायचं. त्यात वाचन भरपूर. छोट्या जाहिरातीतही धागा दडलेला असू शकतो!

नंतर एस्केप रूम आल्या: एका खोलीत कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवत तासाभरात बाहेर पडायचं. ती खोली डब्यात बसवण्याचं काम इंका आणि मार्कुस ब्रांड या दांपत्याने केलं. श्टुटगार्टच्या ‘कोसमोस’ प्रकाशनाने २०१६ मध्ये त्यांची ‘एक्झिट’ मालिका सुरू केली. पुढच्याच वर्षी तिला सरावलेल्या खेळाडूंसाठीचा ‘केनरश्पील’ पुरस्कार मिळाला. इथे कार्डं घडी घालायची, कापायची, त्यांवर लिहायचं. सापडलेले आकडे गोल चकतीवर जुळवायचे. अडलात तर प्रत्येक कोड्याची मदतकार्डं असतात, शेवटच्यावर थेट उत्तर. पण खेळ संपतो तेव्हा सामानाचे तुकडे झालेले असतात. डबा दुसऱ्याला देता येत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

म्हणून जर्मनीतल्या मराठी घरात सुरुवात ‘मायक्रोमॅक्रो’ने करावी, असं मी आग्रहाने सांगेन. एकाने कार्डावरचा प्रश्न मराठीत सांगितला, की बाकी सगळं चित्रात आहे. जर्मन न येणारी आजी आणि मराठी अडखळत बोलणारा नातू एकाच नकाशावर ओणवे होतात. पत्त्यांच्या डावात गप्प बसणारं मूल इथे सगळ्यांच्या आधी खिडकीतला चेहरा ओळखतं आणि मोठे त्याच्या बोटामागे जातात. मला हे खेळ आवडतात ते यासाठी. सरावलेल्या मंडळींनी फक्त पहिलं कार्ड वाचावं, मधले प्रश्न बाजूला ठेवावेत आणि पूर्ण गुन्हा स्वतःच जुळवावा.

एक सावधगिरी मात्र हवी. चित्रं गोड असली तरी त्यात खून आणि विश्वासघात आहेत. २०२१ च्या ‘फुल हाउस’ या पुढच्या भागापासून कोणतं प्रकरण मुलांसमोर काढावं, हे कळण्यासाठी खुणा छापलेल्या असतात. पहिल्या डब्यातली प्रकरणं मात्र आईबाबांनी आधी स्वतः खेळून पाहावीत.