बास गिटारचा आवाज कसा जुळवावा?

१९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं 'प्रिसिजन बास' हें वाद्य बाजारांत आणलें. त्यापूर्वीं वाद्यवृंदांतील खर्ज माणसाएवढ्या उंच डबल बासवर वाजे, आणि पितळी वाद्यांच्या गजरांत तो बहुधा बुडून जाई. नव्या वाद्यास पोकळ पेटी नव्हती. त्याचा स्वर सर्वस्वीं विजेच्या ध्वनिवर्धकावर विसंबला. म्हणून त्या यंत्राचीं बटणें फिरविणें हा वादनाचाच एक भाग होय.

पुष्कळ यंत्रांवर 'गेन' आणि 'मास्टर' अशीं दोन बटणें असतात. दोहोंनींहि आवाज वाढतो, म्हणून नवशिक्यास तीं सारखींच वाटतात. पण त्यांचीं कामें भिन्न आहेत. वाद्याकडून येणारा क्षीण विद्युत्संदेश आरंभीं किती प्रबळ करावयाचा, हें गेन ठरवितो. तयार झालेला स्वर स्पीकरकडे किती पाठवावयाचा, एवढेंच मास्टरच्या हातीं असतें. गेन फार कमी असल्यास पुढें मास्टर चढवावा लागतो आणि स्वराबरोबर यंत्रांतील खरखरहि वाढते. तो फार झाल्यास ध्वनिलहरींचीं शिखरें छाटलीं जाऊन स्वर फाटतो. कित्येक वादक हा फाटलेपणा मुद्दाम पत्करतात. पण तो इच्छेनें असावा, अज्ञानानें नव्हे.

रीत सोपी आहे. मास्टर शून्यावर आणावा व वाद्यावरील आवाजाचें बटण पुरें उघडावें. मग प्रत्यक्ष कार्यक्रमांत जितक्या जोरानें वाजवावयाचें, तितक्याच जोरानें तारा छेडीत गेन हळूहळू वाढवावा. तांबडा दिवा लुकलुकूं लागतांच थोडें मागें यावें. त्यानंतर मास्टर वाढवून आवाज दालनाजोगा करावा. वाद्यांत बॅटरी असल्यास त्याचा संदेश बहुधा प्रबळ असतो. तेथें कमी गेन पुरतो.

येथें एक सावधगिरी हवी. चार तारांच्या बासची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. इतक्या संथ लहरींसाठीं स्पीकरचा पडदा फार पुढेंमागें हलावा लागतो. खर्जाचें बटण ६ डेसिबलनें चढविल्यास त्या स्वरांपुरती चौपट शक्ति खर्च होते. म्हणून आपला आवाज बुडतो असें वाटून खर्जच वाढवीत गेल्यास स्पीकर निकामी होण्याचा संभव असतो. अशा वेळीं मधले स्वर किंचित् उचलावे. कान त्यांना अधिक लवकर ओळखतो.

एकदां बसविलेल्या गेनला कार्यक्रमांत शक्यतों हात लावूं नये. कमीजास्त करावयाचें तें मास्टरनें. गायकाचे शब्द स्पष्ट ऐकूं आले आणि खर्ज थांबतांच कांहीं उणें वाटलें, म्हणजे प्रमाण साधलें असें समजावें.