तीस काय?
समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात जावाचा सर्व्हर प्रेसमशीनवर लक्ष ठेवतोय. रात्रपाळीचा माणूस जेकन्सोल उघडतो. दिसतं काय, तर ‘टाइमआउट ३०’. तीस काय? सेकंद की मिलिसेकंद? मिलिसेकंद समजून त्याने ३०००० घातले आणि ते निघाले सेकंद, तर बंद मशीनची खबर आठ तासांनी मिळेल, पाळी बदलल्यावर!

एकक असतं कॉमेंटमध्ये, आणि कॉमेंट कंपाइल होताना गळते. म्हणून २००६ च्या जावा ६ मध्ये ‘डिस्क्रिप्टरकी’ आलं. आपण ‘युनिट’ अ‍ॅनोटेशन बनवायचं, त्यातल्या घटकावर डिस्क्रिप्टरकी लावायचं, मग एमबीन इंटरफेसच्या गेटरवर ‘सेकंद’ लिहायचं. ते डिस्क्रिप्टरमधून थेट जेकन्सोलमध्ये दिसतं. रिटेन्शन मात्र ‘रनटाइम’ ठेवा. विसरलात तर एररसुद्धा येत नाही, नुसतं एकक दिसत नाही.