पिस्तुलाची गोळी लागूनही माणूस वाचतो कसा?



सिनेमात व्हिलनला गोळी लागली की तो चार पावलं मागे उडून पडतो आणि संपतो. हीरोला खांद्यात लागते, तो चाकू तापवून ती स्वतःच काढतो आणि पुढच्या गाण्याला हजर असतो. खरी बातमी मात्र निराळीच असते. अमक्याला तीन गोळ्या लागल्या, तो वाचला. तमक्याला एकच लागली, तो गेला. मग लोक म्हणतात, आयुष्याची दोरी बळकट. दोरीचा वाटा आहेच, मी नाकारत नाही. पण बराचसा हिशेब कागदावर मांडता येतो आणि तो माहीत असेल तर एखाद्याचा जीव वाचू शकतो.

आधी शस्त्राबद्दल बोलू. फौजेत अधिकाऱ्याच्या कमरेला वर्षानुवर्षं जे नाइन एमएम पिस्तूल राहिलं, ते ब्राउनिंगच्या नमुन्यावर ईशापूरच्या कारखान्यात बनलेलं. त्याची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची. नळीतून ती सेकंदाला ३५० ते ४०० मीटर वेगाने निघते. आमच्या जुन्या एसएलआर रायफलची गोळी थोडीशीच जड, पण वेग ८०० मीटरच्या वर. शाळेतलं सूत्र आठवा: ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. पिस्तुलाच्या गोळीत सुमारे ५०० ज्यूल असतात, एसएलआरच्या गोळीत ३,००० च्या वर. एके-४७ दोघांच्या मधली, २,००० च्या आसपास.

५०० ज्यूल म्हणजे फार नाही. ७० किलोच्या माणसाला ही गोळी लागून आतच थांबली, तर त्याचं शरीर फक्त सेकंदाला चारेक सेंटिमीटर या वेगाने मागे ढकललं जातं. उडून पडणं वगैरे सगळं फाइट मास्टरचं काम. तसा धक्का गोळीत असता तर तितकाच उलटा धक्का बसून झाडणाराही आडवा झाला असता.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. रायफलची वेगवान गोळी मांसातून जाताना क्षणभर स्वतःपेक्षा कितीतरी मोठी पोकळी उघडते आणि आजूबाजूचं सगळं ताणून फाडते. गोळी हाडाजवळून गेली तरी हाड मोडू शकतं. पिस्तुलाच्या गोळीचीही पोकळी होते, पण ती लहान. स्नायू, फुप्फुस, कातडी हे लवचिक भाग तेवढा ताण सोसतात आणि पुन्हा जागेवर येतात. यकृत, पाणथरी आणि मेंदू यांना मात्र तो सोसत नाही. बाकी ठिकाणी पिस्तुलाची गोळी बहुतेक तेवढंच नासवते, जेवढं तिच्या थेट वाटेत येतं. ती एक भोक पाडते. म्हणून सगळा प्रश्न असा उरतो: भोक कुठे पडलं आणि त्यातून रक्त किती वेगाने गेलं?

जाता जाता एक सांगतो. भोक मोठं व्हावं म्हणून टोक पसरणारी गोळी काढली गेली ती आपल्याच देशात, कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात. जगभर तिला ‘डमडम’ हेच नाव पडलं. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला मनाई झाली. पोलिसांना ती मनाई लागू नाही आणि काही देशांचे पोलीस पसरणाऱ्या गोळ्या वापरतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ३० मार्च १९८१ चं. वॉशिंग्टनमधल्या हिल्टन हॉटेलबाहेर जॉन हिंकली याने अध्यक्ष रेगन यांच्यावर पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडल्या, दोन सेकंदांच्या आत. तेच शस्त्र, त्याच गोळ्या आणि माणसं चार. प्रसिद्धिप्रमुख ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी गेली. ते जगले, पण कायमचे अपंग झाले आणि २०१४ मध्ये वारले, तेव्हा शवचिकित्सेत त्या मृत्यूची नोंद त्याच गोळीमुळे झालेली हत्या अशी झाली. पोलीस डेलाहंटी यांना मानेजवळ लागली, मज्जातंतू दुखावले. सुरक्षारक्षक मॅकार्थी अध्यक्षांसमोर आडवे झाले, गोळी त्यांच्या धडात शिरली. ते पूर्ण बरे झाले.

आणि रेगन? गोळी मोटारीवर आपटून, नाण्यासारखी चपटी होऊन त्यांच्या डाव्या काखेखाली शिरली आणि बरगडीला लागून फुप्फुसात थांबली. हृदय तिथून साधारण अडीच सेंटिमीटरवर. गोळी लागली हे त्यांना कळलंही नाही. मोटारीत ढकलताना बरगडी मोडली, असं वाटलं. गाडी निघाली होती व्हाइट हाउसकडे. सुरक्षा अधिकारी जेरी पार यांना त्यांच्या ओठांवर फेसाळ, लालभडक रक्त दिसलं. असं रक्त फुप्फुसातून येतं. पार यांनी तिथेच गाडी रुग्णालयाकडे वळवायला सांगितली. सत्तर वर्षांचे अध्यक्ष चालत आत गेले आणि दारातच कोसळले. अंगातलं अर्ध्याहून अधिक रक्त त्या दिवशी गेलं. बाराव्या-तेराव्या दिवशी ते घरी परतले. माझ्या मते तो जीव वाचला तो मोटारीतल्या त्या एका निर्णयाने. सर्जनचं कौशल्य नंतर आलं.

त्याच वर्षी मे महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर रोममध्ये ब्राउनिंग पिस्तुलातून, म्हणजे आमच्या पिस्तुलाच्याच घराण्यातल्या शस्त्रातून गोळ्या झाडल्या गेल्या. पोटातली गोळी महाधमनीला थोडक्यात चुकली. पाच तासांहून अधिक शस्त्रक्रिया चालली आणि ते पुढे २००५ पर्यंत जगले. उलट ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात महात्माजींना अगदी जवळून छाती-पोटात तीन गोळ्या लागल्या, त्याही पिस्तुलाच्याच. तेव्हा पिस्तूल म्हणजे किरकोळ शस्त्र, असा अर्थ कुणी काढू नये.

आणखी एक गैरसमज असा की गोळी काढली की माणूस वाचतो. गोळी तिचं काम करून थांबलेली असते. सांध्यात किंवा पाठीच्या कण्याच्या पोकळीत नसेल आणि त्रास देत नसेल तर सर्जन ती बऱ्याचदा आतच राहू देतात. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीत गोळी शिरली. खिशातला भाषणाचा जाड घडी केलेला कागद आणि चष्म्याचं घर यांनी तिचा जोर खाल्ला होता. खोकल्यात रक्त नाही हे पाहून त्यांनी तासाभराहून लांब भाषण केलं (हे मात्र कुणी करू नये!) आणि ती गोळी मरेपर्यंत अंगात बाळगली. याउलट १८८१ मध्ये अध्यक्ष गारफिल्ड यांना लागलेली गोळी महत्त्वाच्या अवयवांपासून दूर होती. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं घालघालून ती शोधली, जखम सडली आणि अडीच महिन्यांनी ते गेले.

आता कामाचं बोलू. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटर गेलं की जीव धोक्यात. मांडीची मुख्य धमनी तुटली तर हे काही मिनिटांत होतं. पण हृदयावर गोळी लागली तरी मेंदूत उरलेल्या ऑक्सिजनवर माणूस दहा-पंधरा सेकंद धावू शकतो. म्हणून तो बोलतोय, चालतोय, यावर विसंबू नका. आणि निपचित पडलाय म्हणून गेला, असंही ठरवू नका.

आमच्या प्रत्येक जवानाच्या खिशात फील्ड ड्रेसिंग असतं. तुमच्याकडे ओढणी, टॉवेल, शर्ट, काहीही असेल. जखमेवर ठेवा आणि दोन्ही हातांनी, अंगाचं वजन टाकून दाबा. रक्त थांबलं का, हे उचलून पाहू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा, काठी घालून पीळ द्या आणि वेळ लिहून ठेवा. तार किंवा सुतळी नको. पाठ तपासा, गोळी बाहेर पडल्याचं दुसरं भोक तिथे असू शकतं. अंगावर पांघरूण घाला, गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. तहान लागली म्हणेल, तरी पाणी-चहा देऊ नका, त्याला भूल द्यावी लागणार आहे.

आणि थांबू नका. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे पोलीस गोळी लागलेल्याला अँब्युलन्सची वाट न पाहता आपल्याच गाडीत घालून नेतात. आपल्याकडे लोक थबकतात ते पोलीस केसच्या भीतीने. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे: डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवायचा, कायदेशीर सोपस्कार नंतर. त्या याचिकेमागे एक स्कूटरस्वार होता. जवळच्या रुग्णालयाने ‘असल्या केसेस आम्ही घेत नाही’ म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात धाडलं आणि तो वाटेतच गेला. कुणी दारात अडवलं तर या निकालाचं नाव घ्या. पोलिसांना कळवण्याचं काम रुग्णालय करतं.

पुढच्या भागात बुलेटप्रूफ जॅकेट: ते काय अडवतं आणि काय नाही.