राक्षसभुवनला पडलेला दिवाण : विठ्ठल सुंदर

गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनची आजची ओळख गोदाकाठच्या शनिमंदिराची आहे. पण 10 ऑगस्ट 1763 रोजी निजामाचा दिवाण राजा प्रतापवंत विठ्ठल सुंदर याच गावाजवळ लढता लढता मारला गेला. मराठी मुलखाच्या सरहद्दीवरचा हा माणूस दरबारात मुत्सद्दी आणि रणात सेनापती होता. दुर्दैवाने आपल्याकडे तो पेशव्यांचा शत्रू एवढ्यापुरताच आठवला जातो.

निजामअलीने 1762 मध्ये भाऊ सलाबतजंगाला बाजूला सारून सत्ता घेतली. पानिपतानंतर पुणे दरबारात राघोबादादा आणि पेशवे माधवराव या चुलत्या-पुतण्यांचे बिनसले होते. विठ्ठल सुंदरने ती फट नेमकी हेरली. नागपूरच्या जानोजी भोसल्यांना त्याने मोठ्या पदाची आशा दाखवून निजामाकडे ओढले. मराठा सरदार गोपाळराव पटवर्धनही तिकडे गेले आणि 1763 मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले.

पावसाळ्यात मात्र डाव उलटला. जानोजी फुटून निघाले. निजामअली गोदावरी ओलांडून औरंगाबादच्या बाजूला गेला, दिवाण निम्म्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. नदी दुथडी भरलेली. मराठ्यांनी त्याला तिथेच गाठले. हल्ल्यात राघोबादादा वेढले गेले, तेव्हा अठरा वर्षांच्या माधवरावांनी ताज्या दमाची तुकडी घेऊन त्यांना सोडवले. दिवाणाचा धनी निजामअली पैलतीरावर असूनही त्याला मदत पाठवता आली नाही. सप्टेंबरमध्ये औरंगाबादला तह झाला आणि निजामाला मोठा मुलूख सोडावा लागला.